लाल पेरूची वाट

कुंपणबाईला वाकडं काही खपत नसे. एखाद्या घरावरची नावाची पाटी कललेली दिसली, तर ओळखपाळख नसताना ती फाटक उघडून आत जाई, पाटी सरळ करी आणि मगच पुढे चालू लागे. लोक हसत. पण ज्यांनी तिच्याकडून कुंपण लावून घेतलं होतं ते हसत नसत, कारण तिचं कुंपण म्हणजे कुंपण. दोन टोकांना दोन खुंट्या, मध्ये ताणलेली पांढरी दोरी, आणि दोरीच्या वर एक पान शिल्लक नाही. त्यावर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळायचा नाही, असं ती स्वतःच सांगायची. एका गिऱ्हाइकाने खरोखरच पेला ठेवून पाहिला. पेला जागचा हलला नाही, पण गिऱ्हाईक तिच्या तोंडातून सुटलं नाही. विश्वास नव्हता तर बोलावलंत कशाला, म्हणून तिने त्याला चांगला उभा-आडवा घेतला.

बाईचं वय छप्पन्न, आणि त्यातली जवळजवळ तीस वर्षं हातात कात्री. लग्न होऊन आली तेव्हा तिला झाडापेडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. नवरा टेम्पो चालवायचा, एका रोपवाटिकेचा माल पोचवायचा. एक दिवस रोपवाटिकेच्या मालकाने दोन ट्रे रोपं कचऱ्यात टाकायला म्हणून टेम्पोत भरून दिली. परमुलखातून मागवलेला लाल पेरू होता तो, आणि त्याला कुत्रं विचारत नव्हतं. हिने ती रोपं घरामागच्या भिंतीला ओळीने लावली. पान चकचकीत, खोड गुळगुळीत, काटा नाही, कीड नाही, पाणी चुकलं तरी तक्रार नाही. कितीही छाटा, पंधरा दिवसांत पुन्हा गच्च. वर सुपारीएवढी लालभडक फळं. असा जावई शोधून सापडायचा नाही, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि गिऱ्हाईक रोपं घेऊन जायचं. बघता बघता डोंगराच्या पायथ्याच्या सगळ्या वस्तीला लाल पेरूचं कुंपण झालं. एका घराने लावलं की शेजाऱ्याला चैन पडत नसे.

तिला मूलबाळ नव्हतं, पण घर कधी रिकामं वाटलं नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा नणंद आठ वर्षांची होती, आई नसलेली. सगळे तिला धाकटी म्हणत. धाकटीच्या वेण्या घालणं, तिचा अभ्यास घेणं, तापात तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं वहिनीने केलं. धाकटी मोठी झाली, वनखात्यात लागली, याच डोंगरावरच्या जंगलाची राखण करू लागली. दोघींचं भांडण दिवसातून तीनदा व्हायचं आणि चहाच्या पहिल्या घोटाला मिटायचं.

आठ वर्षांपूर्वी धाकटीनेच गोष्ट काढली होती. झऱ्याकडे जाणारी डोंगरातली वाट चिखलाची होती, लोक घसरून पडत होते. वहिनीकडे छाटणीचे ढीगच्या ढीग साठायचे. फांद्यांचा चुरा करायचं मशीन तिने नुकतंच घेतलं होतं. तो चुरा वाटेवर अंथरला तर? कुंपणबाईला कल्पना एकदम पटली. नुसता चुरा पाठवून ती थांबली नाही, वाटेच्या दोन्ही कडा सरळ यायला हव्यात म्हणून स्वतः वर जाऊन तिने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. त्यानंतर दरवर्षी टेम्पो भरभरून चुरा वर गेला, फुकट. वाट दरवर्षी थोडी पुढे सरकली. वरिष्ठांनी कौतुक केलं, इतर जंगलांतले लोक बघायला आले, आणि त्याच वाटेच्या जोरावर धाकटी वनरक्षकाची वनपाल झाली. कुंपणबाईने त्या दिवशी गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. एरवी दिसेल त्याला उभं करून सांगितलं.

यंदा मात्र धाकटी डोंगरावरून उतरायची ती कपाळाला आठी घेऊनच. झऱ्याचं पाणी आटलं होतं. दोन बोटं जाड धार होती, तिथे आता थेंब थेंब गळत होता. आणि वाटेच्या बाजूने जंगलात लाल पेरू माजला होता. त्याच्या दाटीखाली गवताची काडी उगवत नव्हती, जमिनीत पाणी मुरत नव्हतं. जुनी झाडं मरत होती आणि त्यांची पिल्लं वर येत नव्हती. खात्याने विचारणा केली होती, हे आलं कुठून? शनिवारी मोठे साहेब येणार होते, वस्तीच्या सभागृहात सगळ्यांसमोर अहवाल वाचायचा होता.

धाकटीने उत्तर शोधलंही होतं. जंगलाला लागून सगळ्यात शेवटचं घर मास्तरांचं. वस्तीतले बाकीचे लोक फळं पिकायला लागली की लगेच छाटणी करून घेत, कारण पिकलेली फळं फरशीवर पडून चिकचिकाट होई. मास्तर तेवढे छाटू देत नसत. पाखरांचं खाऊन होऊ दे, मग या, असं म्हणत. पाखरं खाणार, जंगलात उडणार, बी टाकणार. हिशेब सरळ दिसत होता. सोमवारी सकाळी ती वहिनीला म्हणाली, तू एकदा वर चल, रोपं किती वर्षांची आहेत ते मला नक्की सांग, तुझ्याइतकं त्या झाडाला कुणी ओळखत नाही. कुंपणबाई खुशीत निघाली. तिला कुणी जाणकार म्हटलं की ती डोंगर काय, आभाळही चढली असती.

खालच्या टप्प्यात पेरू पुरुषभर उंच होता. हा आठ वर्षांचा, हा सहा, असं ती खोड चाचपून सांगत होती आणि धाकटी वहीत लिहीत होती. जसजशा वर गेल्या तसतशी झाडं लहान होत गेली. शेवटी गुडघ्याएवढी रोपं आली. तिथे कुंपणबाई थांबली.

रोपं ओळीत होती. इकडे एक ओळ, तिकडे एक ओळ, मध्ये पायांनी तुडवलेली वाट. धाकटीला ते दिसत नव्हतं असं नाही. वाटेच्या कडेला ऊन पोचतं म्हणून रोपं तिथे जास्त, असं तिने वहीत लिहिलंही होतं. पण कुंपणबाईचे डोळे तीस वर्षं दोरीवर घासलेले होते. ती ओळ उन्हाची नव्हती. ती तिची स्वतःची ओळ होती. चार पावलं पुढे एका मोकळ्या जागी रोपांचा गोल पुंजका होता, आणि तिला आठवलं, इथेच टेम्पोतला ढीग ओतायचो आणि मग पाट्यांनी पसरायचो. पुढे एक सपाट कातळ होता. गेल्या वर्षीचा चुरा त्या कातळापाशी संपला होता. वाट तशीच पुढे जात होती, ऊनही तेवढंच होतं, वर तीच पाखरं ओरडत होती. कातळाच्या पलीकडे लाल पेरूचं एकही रोप नव्हतं.

चुरा कशाचा होता? छाटणीचा. छाटणी कधी व्हायची? फळं पिकायला लागली की. सगळ्या वस्तीची फळं फांद्यांसकट मशीनमध्ये गेली होती, आणि त्यातलं मोहरीएवढं टणक बी कुठलं मशीन दळणार? ज्या नीटनेटक्या लोकांना फरशीवर डाग नको होते, त्यांची फळं ती आपल्या हाताने जंगलात पेरून आली होती. तीही दोरी लावून.

"काय गं, काय झालं?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. दम लागला," ती म्हणाली, आणि दोन वर्षांची आहेत म्हणून लिही, असं सांगून उतरायला लागली.

आता इथे कुणी म्हणेल की तिने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. हवंच होतं, त्यात दुमत नाही. पण तिच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलं. सांगितलं तर धाकटीची बढती ज्या वाटेवर उभी होती तीच वाट उखडायची. चुरा मागितला होता धाकटीने, कागदावर सही करून. खात्यात वर चढलेल्या बाईला खाली खेचायला टपलेले काय कमी होते? मी गप्प आहे ती तिच्यासाठी, असं कुंपणबाईने स्वतःला बजावलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की घरामागे लाल पेरूची हजारभर रोपं तयार होती, आणि डोंगराखालच्या प्रत्येक दारात लोक तिला मान देत होते तो या एका झाडामुळे. त्या झाडाचं तोंड काळं झालं की तिचंही होणार होतं. स्वतःशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ते तिला नीट जमतही नव्हतं. मंगळवारी तिने एका बंगल्याचं कुंपण छाटलं आणि एका टोकाला चांगलं बोटभर खाली उतरवलं. हाताखालच्या दोघी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. बाईचं कुंपण वाकडं झालेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी जेवताना धाकटी सहज म्हणाली, यंदाचा चुरा शुक्रवारी वर पाठव, साहेब यायच्या आत कातळापासून झऱ्यापर्यंतची वाट पुरी करू. कुंपणबाईने हातातला घास ताटात ठेवला. अंगणात यंदाच्या छाटणीचा ढीग पडला होता, छपराला टेकेल एवढा, लाल फळांनी माखलेला. तो आता थेट झऱ्याच्या तोंडाशी जाणार होता. बघू, ती म्हणाली. नवऱ्याने पाणी पुढे केलं आणि तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तो कमी बोलणारा माणूस.

बुधवारी ती मास्तरांकडे गेली. मनात काहीतरी मधला मार्ग होता. मास्तर, कुंपण मुकाट्याने काढू द्या, दुसरं छानसं मी लावून देते, बोभाटा होणार नाही, असं काहीतरी. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं, आणि अर्ध्या वस्तीला त्या झऱ्याखालच्या डोहात पोहायला शिकवलं होतं. पंचाहत्तरीतही रोज झऱ्यापर्यंत जायचे. आता आठ दिवस झाले, ते घराबाहेर पडले नव्हते. वस्तीत बातमी पसरली होती, आणि दूधवाला मास्तरीणबाईंना म्हणाला होता, तुमच्या पाखरांनी झरा खाल्ला म्हणे.

मास्तरीणबाईंनी चहा दिला. मास्तर खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली, हात मांडीवर. कुंपणबाईने तोंड उघडायच्या आत फाटक वाजलं आणि धाकटीच आत आली. हातात कागद होता. वहिनीला तिथे पाहून तिला बरंच वाटलं. अवघड काम होतं, घरचं माणूस जवळ असलेलं चांगलं. तिने अदबीने समजावलं. ही शिक्षा नाही, फक्त एवढं मान्य करायचं की झाडं इथून गेली. तसं लेखी असलं की लगेच सफाईचं काम सुरू करता येतं, नाहीतर चौकशीत महिने जातात.

मास्तरांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

मास्तरीणबाई कुंपणबाईकडे वळल्या. "तुम्ही लावलंत हे कुंपण. तुम्हाला झाडाचं सगळं ठाऊक. सांगा ना, आमच्यामुळेच झालं का हो?"

कपबशी कुंपणबाईच्या हातात होती. धाकटी तिच्याकडे बघत होती, मास्तरही बघत होते. एक वाक्य पुरेसं होतं.

"या झाडाचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली. "ते कुणाचं ऐकत नाही."

मास्तरांनी मान हलवली, जणू हेच ऐकायचं राहिलं होतं. त्यांनी सही केली. अक्षर अजून सुरेख होतं, फळ्यावर काढल्यासारखं. सही करून ते धाकटीला म्हणाले, पोरी, तुझं काही चुकलं नाही, मलाच पाखरांचा मोह. आणि ते उठून आतल्या खोलीत गेले. कुंपणबाईने चहा संपवला. कसा संपवला ते तिला पुढे कधीच आठवलं नाही.

गुरुवारी तिने काम बंद ठेवलं. डोकं दुखतं म्हणून पडून राहिली, आणि पडल्या पडल्या तिला धाकटीचा आवाज ऐकू येत होता. जेवणाच्या टेबलावर बसून ती अहवाल लिहीत होती आणि लिहिलेलं मोठ्याने वाचत होती, लहानपणी धडा वाचायची तसा. बीजप्रसार पक्ष्यांमार्फत. उगम, वस्तीतील शेवटचं घर. कबुलीजबाब सोबत जोडला आहे. प्रत्येक वाक्य पाठीत बसत होतं. लबाडी तिने आजवर बाहेरच्या माणसाशीही केली नव्हती, आणि इथे तर तिने वाढवलेली पोर तिच्याच भरवशावर चुकीचं लिहीत होती.

शुक्रवारी सकाळी नवऱ्याने टेम्पो भरला. चुऱ्याला आंबूस गोड वास येत होता. त्याने गाडी सुरू केली आणि तो बायकोची वाट बघत बसला, कारण वर पसरायला ती असल्याशिवाय तो कधी गेला नव्हता. धाकटी गणवेश घालून दारात उभी होती. कुंपणबाई घरातून आली ती खुंट्या आणि दोरीचं मोठं रीळ घेऊन.

गाडी बंद करा, ती नवऱ्याला म्हणाली. आणि धाकटीला म्हणाली, चल माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता.

धाकटी वाटेत दोनदा विचारून थकली. कुंपणबाई बोलली नाही. बोलली असती तर अर्ध्या वाटेतून परत फिरली असती, याची तिला खात्री होती. लहान रोपांच्या टप्प्याशी पोचल्यावर तिने एक खुंटी ठोकली. दोरी बांधली. दुसऱ्या टोकाला, कातळापाशी, दुसरी खुंटी. दोरी ताणली तशी ती रोपांच्या शेंड्यांना चाटून गेली, एकालाही न चुकवता. मग तिने वाटेच्या दुसऱ्या बाजूला तेच केलं. दोरी सरळ होती. तेवढं तिला झोपेतही जमलं असतं.

"बघ," ती म्हणाली. "पाखरं अशी पेरत नाहीत."

धाकटी दोरीकडे बघत राहिली. आधी तिला कळलं नाही. मग ती दोरीच्या बाजूने चालत कातळापर्यंत गेली, कातळ ओलांडून पलीकडे गेली, खाली वाकून जमीन बघितली, आणि परत आली. येताना त्या गोल पुंजक्याशी थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला कुंपणबाईने पाहिला.

"चुरा," धाकटी म्हणाली.

"हो."

"मी मागितलेला."

"मी पाठवलेला. फळांसकट. माझ्या डोक्यात आलं नाही गं. शपथेवर सांगते, आठ वर्षांत एकदाही आलं नाही."

धाकटी खाली बसली. मग तिने मान वर केली आणि विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर आले तेव्हा."

धाकटी उठली, कपडे झटकले आणि एकटीच खाली उतरली. कुंपणबाई दोऱ्या सोडून, गुंडाळून घरी आली तेव्हा टेम्पो तसाच भरलेला उभा होता. नवरा म्हणाला, ती एवढंच बोलली की यातला कणही वर जायचा नाही. दार लावून बसली आहे.

शनिवारपर्यंत दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा धाकटी इस्त्रीचा गणवेश घालून, हातात फाइल घेऊन बाहेर पडली आणि चहा न घेता गेली. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. फाइलमध्ये कुठला अहवाल आहे, जुना की नवा, की सगळं वहिनीच्या एकटीच्या डोक्यावर ठेवलेला तिसराच, हे कुंपणबाईला माहीत नव्हतं. विचारायचा तोंडाला हक्क उरला नव्हता. धाकटी बोलली नाही तर आपण उठायचं, एवढं मात्र तिने ठरवलं होतं. नवऱ्यालाही सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, मी शेजारी बसतो.

सभागृह भरलं होतं. निम्म्याहून जास्त चेहरे तिच्या गिऱ्हाइकांचे. जो तो बाई, बाई करत होता आणि जागा देत होता. ती शेवटच्या रांगेत बसली. मास्तर आणि मास्तरीणबाई पहिल्या रांगेत होते. मास्तरांनी दाढी केली होती, स्वच्छ सदरा घातला होता. आपलं नाव वाचलं जाईल तेव्हा लोकांना नीट दिसावं, अशा तयारीने आल्यासारखे ते ताठ बसले होते.

मोठे साहेब घाईत होते. कबुलीजबाबाची प्रत त्यांच्याकडे आधीच पोचली होती. ते म्हणाले, कारण सापडलं आहे, संबंधितांनी मोठ्या मनाने मान्यही केलं आहे, तेव्हा वाद नाही. वनपालबाईंनी थोडक्यात वाचावं आणि मंजुरी घ्यावी. मास्तर खुर्चीची पाठ धरून उठायला लागले. कुंपणबाईही उठली. तिने हात वर केला. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि प्रश्न शेवटी, असं म्हणून तिला हातानेच बसायची खूण केली. ती बसली नाही.

"मास्तर, तुम्ही बसा," धाकटी व्यासपीठावरून म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "साहेब, तो कागद बाद करा. तो मी चुकीच्या माहितीवर घेतला आहे."

तिने सगळं सांगितलं. चुरा, फळं, दोन ओळी, गोल पुंजके, कातळ. आवाज एकदाच फाटला, बाकी सरळ होता. सभागृहात कुजबूज सुरू झाली. लोक वळून वळून मागे पाहायला लागले. साहेबांचा चेहरा आंबट झाला. मिटलेलं प्रकरण कुणी उकरलं की होतो तसा. हा चुरा पुरवणारी बाई कोण, त्यांनी विचारलं, आणि तुमचा तिचा संबंध काय.

"माझी वहिनी आहे," धाकटी म्हणाली. "आठव्या वर्षापासून तिने मला वाढवलं. चुरा मी मागितला, तिने पाठवला. मास्तरांचा यात काही दोष नाही. चूक आमच्या घरची आहे."

कुंपणबाईच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायचं भानही तिला राहिलं नाही. तिने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हे खरं आहे, आणि वस्तीतलं एकेक लाल पेरूचं कुंपण मी स्वतः मुळापासून काढून देईन, आधी माझ्या घरचं. तिच्या शेजारची जागा हळूच रिकामी झाली. दुसऱ्या बाजूला नवरा बसला होता, तो हलला नाही.

सभा उठली. मास्तर दारापर्यंत आले, तिच्यासमोर थांबले, आणि पुढे गेले. मास्तरीणबाई थांबल्या.

"बुधवारी तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. रागाने नव्हे. एवढी वर्षं दारात येणारी ही बाई कोण आहे ते ओळखून ठेवावं, तसं. मग नवऱ्याचा हात धरला आणि त्या पायऱ्या उतरल्या.

खात्याने धाकटीची बढती काढून घेतली. सफाई पुरी होईपर्यंत डोंगर तिच्याकडे राहणार होता, त्यानंतर दूरच्या नाक्यावर बदली. सोमवारी सकाळी आठला दोघी वर होत्या, आणखी दहा माणसं बरोबर. लाल पेरू नुसता कापला तर एकाचे दहा फुटतात. कापल्याबरोबर, खोड ओलं असतानाच खुंटाला मूळ मारणारं औषध लावावं लागतं. म्हणून एकीने करवत चालवायची आणि दुसरीने मागोमाग ब्रश. धाकटीने ब्रश घेतला. कुंपणबाई कापत गेली. तिने लावलेलं, तिने ओळखलेलं, तिच्या हाताला पाठ असलेलं खोड एकेक करून आडवं होत होतं, आणि तिला आश्चर्य वाटलं की त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं.

दुपारी पाणी प्यायला बसल्यावर तिने शेवटी धीर केला. सभेत तू आमच्या घरची चूक म्हणालीस, मला वाटलं तू मला टाकशील, असं काहीतरी ती पुटपुटली.

"ती दोघींची आहेच," धाकटी म्हणाली. ती ब्रश धुवत होती. "आठ वर्षांचं मी अर्धं माझ्या अंगावर घेईन, वहिनी. माझं काम होतं, मला दिसायला हवं होतं. पण मास्तर सही करत होते आणि तू चहा पीत होतीस. त्यातलं मला काही घेता येणार नाही."

कुंपणबाईने मान हलवली. बाटलीचं झाकण लावलं, करवत उचलली आणि ती पुढच्या झाडापाशी गेली. मागून धाकटीची पावलं यायला थोडा वेळ लागला, पण खोड ओलं होतं तोवर ती आली.